गाऱ्हाणं कुणाला सांगायचं? : अडलेल्या लिहिण्याविषयी



आजचा विषय ठरला तेव्हा आमच्यातल्याच एकाने विचारलं, की ज्यांचं स्वतःचं लिहिणं अडलेलं होतं त्यांनी त्यावर व्याख्यान द्यायचं, म्हणजे गटांगळ्या खाणाऱ्याने पोहण्याचा वर्ग काढण्यासारखं नाही का? प्रश्न बरोबर आहे. म्हणून आधी हे 'आम्ही' म्हणजे कोण, ते सांगून टाकतो. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एकाच्या घरी जमणारे आम्ही नऊ जण. एक निवृत्त शिक्षिका, दोघं बँकेतले, एक औषधांच्या दुकानाचा मालक, एक अजून पीएचडी पुरी न केलेला, असे. सगळ्यांनी कधी ना कधी लिहिलं होतं. दिवाळी अंकात दोन कथा, एखादा कवितासंग्रह, वर्षभर चाललेलं सदर. आणि सगळ्यांचं कधी ना कधी थांबलं होतं. आज जे बोलणार आहोत ते त्या रविवारांत झालेल्या भांडणांचं सार आहे. बोलणारा एक असला तरी म्हणणं सगळ्यांचं आहे.

सुरुवातीला आम्हीही तेच केलं जे सगळे करतात. नियम लावून घेतला. रोज सकाळी उठल्याबरोबर तीन पानं लिहायची, काय वाट्टेल ते, पण तीन पानं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत पाच जण गळले. उरलेल्या चौघांनी दोन महिने रेटलं. मग एका रविवारी त्या वह्या मोठ्याने वाचायच्या ठरल्या, आणि वाचता वाचता सगळे ओशाळले. चारही वह्यांत एकच मजकूर होता. काही सुचत नाही. कालही सुचलं नाही. पूर्वी सुचायचं. आपल्यात आता काही उरलेलं नाही. पानं भरली होती, हात चालला होता, आणि तरीही कुणाचं लिहिणं सुरू झालेलं नव्हतं.

असं का झालं, हे शोधायला आम्ही पुस्तकांकडे वळलो. लिहिणं अडण्याची दोन स्पष्टीकरणं आपल्याकडे तयार असतात. एक म्हणजे प्रतिभेचं. देणगी होती, आटली. दुसरं शिस्तीचं. आळस आहे, घड्याळ लावा. आपल्या जुन्या काव्यशास्त्रातही हीच जोडी दिसते. मम्मटाने काव्याची कारणं सांगितली ती शक्ती, निपुणता आणि अभ्यास. तिन्ही गोष्टी कवीच्या आतल्या. ऐकणारा जो सहृदय, तो या चर्चेत बहुतेक वेळा काव्य झाल्यावर आस्वादापुरता येतो. जेवण तयार झालं की पाहुण्यांना हाक मारावी तसा. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे, की या पाहुण्याला कारणांच्या यादीत घ्यायला हवं. लिहिणं अडतं तेव्हा पुष्कळदा आतलं काही आटलेलं नसतं. आपण कुणाशी बोलतोय, हेच हरवलेलं असतं.

हे पोकळ वाटेल, म्हणून उदाहरणांकडे जाऊ. पहिलं आपल्या घरचं.

तुकोबांच्या वह्यांची हकिकत आपण लहानपणापासून ऐकतो. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी आक्षेप घेतला, की शूद्राने मराठीत वेदांचा अर्थ सांगावा हा अधिकार कुठला? वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तुकोबा नदीकाठी तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले, आणि वह्या कोरड्या वर आल्या. आपण ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगतो, नाहीतर चमत्कार नाकारण्यासाठी सांगतो. लोकांना अभंग पाठ होते, त्यातून गाथा वाचली, असं सांगणारेही आहेत. या वादात एक साधी गोष्ट नजरेतून सुटते. ते तेरा दिवस मुके नव्हते. गाथेत या प्रसंगाचे अभंग वेगळ्या मथळ्याखाली छापलेले असतात. जरूर काढून वाचा. वही नाही, लिहिण्याचा अधिकार काढून घेतलाय, पुढे काय होणार ठाऊक नाही, आणि माणूस विठ्ठलाशी भांडतोय. तू बोलायला लावलंस, आता गप्प का? ही फजिती माझी की तुझी? हा त्या अभंगांचा सूर. स्तुती फार थोडी आहे. जवळजवळ सगळं गाऱ्हाणं आहे.

आता आमच्या तीन पानांच्या वह्या आणि हे अभंग शेजारी ठेवा. दोन्हीकडे तक्रार आहे. आमची तक्रार आम्ही आमच्याकडेच करत होतो. त्यामुळे फिर्यादीही आम्ही, आरोपीही आम्ही, आणि निकाल रोज तोच. तुकोबांच्या गाऱ्हाण्याला पत्ता होता. समोर कुणीतरी आहे, त्याला लाज वाटेल, त्याला उत्तर द्यावं लागेल, असं धरून ते बोलत होते. पत्ता असला की तक्रारीला वळण घ्यावं लागतं. पुरावा द्यावा लागतो, जुनी आठवण काढून द्यावी लागते, सूर कधी चढवावा लागतो, कधी उतरवावा लागतो. हे सगळं लिहिण्याचंच काम आहे. वही बुडालेली असताना ते काम चालू होतं.

तुमच्यातलं कुणी म्हणेल, तुकोबांची गोष्ट वेगळी, त्यांच्यापुढे देव होता. आम्ही काय करायचं? म्हणून दुसरं उदाहरण घेतो ते लांबचं आहे, पण त्याला मराठीशी जोडणारा एक धागा आहे. अरुण कोलटकरांच्या 'भिजकी वही' या 2003 सालच्या संग्रहात जगभरच्या, निरनिराळ्या काळांतल्या दुःखी बायका येतात. कॅसांड्रा, हायपेशिया, अपाला, राबिया. त्यांत एक रशियन बाई आहे, नादेज्दा मांडेलश्टाम. कवी ओसिप मांडेलश्टाम यांची पत्नी. नवरा छळछावणीच्या वाटेवर 1938 साली गेला. त्यानंतर त्याच्या कविता या बाईने वर्षानुवर्षं पाठ म्हणून जिवंत ठेवल्या, कारण कागद घरात ठेवणं धोक्याचं होतं. एवढं पुष्कळांना माहीत असतं. त्याआधीची गोष्ट कमी सांगितली जाते, आणि ती आपल्या विषयाची आहे.

मांडेलश्टाम यांच्या कविता 1925 च्या सुमारास थांबल्या. पुढची पाच वर्षं कविता नाही. आणि गंमत बघा, याच काळात, 1928 साली, त्यांची तीन पुस्तकं बाहेर आली. एक कवितांचं, एक गद्याचं, एक निबंधांचं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, काय भराभर लिहितोय हा माणूस! आतून कविता बंद. पोटासाठी भाषांतरं चालू होती. त्यातच एक प्रकरण उभं राहिलं. एका परदेशी कादंबरीच्या दोन जुन्या भाषांतरांवर हात फिरवून एक करायचं काम त्यांनी केलं होतं. पुस्तकावर नाव छापलं गेलं ते भाषांतरकार म्हणून त्यांचं एकट्याचं. चोरीचा आरोप झाला, वर्तमानपत्रांतून धिंडवडे निघाले, चौकशा लागल्या. आधीच गप्प असलेल्या कवीला लेखकांच्या पंचायतीसमोर उभं राहावं लागलं.

मग काय झालं? तर 1929-30 च्या हिवाळ्यात त्यांनी एक गद्य मजकूर केला. 'चौथं गद्य' या नावाने तो ओळखला जातो. छापण्यासारखा तो नव्हताच, त्यांच्या हयातीत रशियात छापलाही गेला नाही. तो त्यांनी लिहिला असं म्हणण्यापेक्षा सांगितला म्हणावं. ते बोलत होते आणि नादेज्दा उतरवून घेत होती. मजकूर म्हणजे शुद्ध संताप. सरकारी मान्यतेने जगणाऱ्या लेखकांच्या धंद्यावर त्यात अशी झोड आहे, की मी तुमच्यातला नाहीच, हे त्यांनी त्यातून सांगून टाकलं. त्यानंतर आर्मेनियाचा प्रवास झाला, आणि परतीच्या वाटेवर तिफ्लिस शहरात, 1930 च्या शरद ऋतूत, कविता परत आल्या. पुढे मरेपर्यंत, हद्दपारीतसुद्धा, त्या येत राहिल्या. नादेज्दाबाईंनी आपल्या आठवणींत त्या संतापाच्या गद्याला कवितेची वाट मोकळी करणारं मानलं आहे.

श्रेय आर्मेनियाला द्यावं की त्या गद्याला, यावर आमच्यात बरीच जुंपली. आम्ही गद्याच्या बाजूचे. प्रवासाने डोळ्यांना नवं काही मिळतं हे खरं. पण पाच वर्षांचा तिढा देखाव्याने सुटत नसतो. तो सुटला कारण 'मी लेखक आहे की नाही' या खटल्यातून माणूस उठून बाहेर आला. आणि उठला तो एकटा नाही. समोर उतरवून घेणारी होती. कुठलंही वाक्य 'हे छापतील का' या भीतीने न अडता तिच्यापर्यंत पोचत होतं.

इथे रामेश्वर भट आणि ती पंचायत यांच्यातलं साम्य लक्षात घ्या. दोन्हीकडे लिहिण्यावर निवाडा झालेला आहे. आपल्यावर एवढा मोठा निवाडा कुणी करत नाही, तेवढे आपण महत्त्वाचे नसतो. (हशा.) पण आपण प्रत्येक जण एक छोटे रामेश्वर भट डोक्यात बाळगतो. पहिलं वाक्य कागदावर यायच्या आत ते विचारतात, तुला अधिकार काय? अडलेला लेखक म्हणजे पुष्कळदा या न्यायालयाच्या पायरीवर बसलेला माणूस. तो निकालाची वाट बघतो आणि त्यालाच प्रेरणेची वाट बघणं म्हणतो.

एक सावधगिरी. मांडेलश्टाम यांची भाषांतरं पाहून कुणी म्हणेल, भाषांतराने लिहिणं मरतं. तसा नियम करता येत नाही. आपल्याकडे विंदा करंदीकरांनी 'फाउस्ट' केलं, 'राजा लिअर' केलं, ज्ञानदेवांचा 'अमृतानुभव' आजच्या मराठीत आणला. जी. ए. कुलकर्णींनी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. यांपैकी कुणाचं स्वतःचं लिहिणं त्याने सुकलेलं दिसत नाही. ओझ्याचं भाषांतर आणि ओढीचं भाषांतर वेगळं. म्हणून 'अडलात तर भाषांतर करा' किंवा 'अडलात तर प्रवास करा' असले तोडगे आम्ही देणार नाही. तोडगा कुठला, यापेक्षा त्या कामात तुम्ही कुणाशी बोलताय, हे आधी बघावं.

आता पुन्हा कोलटकरांकडे. त्यांच्याबद्दल समीक्षेत एक चूक सहज होते. 1977 साली 'अरुण कोलटकरच्या कविता' आल्या. त्यानंतर मराठी संग्रह आले ते एकदम 2003 आणि 2004 मध्ये. मध्ये पाव शतक. याला 'मौन' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्या काळात ते लिहीतच होते, छापत नव्हते. मांडेलश्टाम यांची 1928 सालची तीन पुस्तकं आणि कोलटकरांची ही पंचवीस वर्षं समोरासमोर ठेवली, की कळतं, छापलेल्या पुस्तकांच्या सनावळीवरून कुणाचं लिहिणं चालू होतं आणि कुणाचं अडलं होतं हे ठरवता येत नाही. आपल्या स्वतःबद्दलही येत नाही. चार वर्षांत काही छापून आलं नाही म्हणजे आपण संपलो, हा हिशोब चुकीच्या वहीतला आहे.

कोलटकरांचीही एक बुडालेली वही होती. 'जेजुरी' या इंग्रजी कवितामालेची पहिली, एकुलती प्रत एका नियतकालिकाच्या संपादकाकडून हरवली. ती त्यांनी काही वर्षांनी पुन्हा लिहिली. आज आपण वाचतो ती ही दुसऱ्यांदा लिहिलेली 'जेजुरी'. 1976 साली ती पुस्तकरूपाने आली, तिला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. पुढे मराठीतही त्यांनी ती केली, ती त्यांच्या पश्चात 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. हरवलेलं कसं होतं हे आता कुणालाच कळणार नाही, आणि त्यावाचून काही अडलेलंही नाही. असा माणूस आयुष्याच्या शेवटी आपल्या मोठ्या संग्रहाला 'भिजकी वही' नाव देतो, तेव्हा इंद्रायणी आठवल्याशिवाय राहत नाही. फरक एवढाच, की ती वही कोरडी वर आली आणि ही भिजकीच राहिली. दुसऱ्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याने भिजलेली. एवढ्या बायकांची गाऱ्हाणी ऐकून घेणारा कवी हा आधी श्रोता आहे, मग कवी.

श्रोता आधी, पुस्तक नंतर, याची आपल्याकडे आणखी उदाहरणं आहेत. ज्ञानदेव बोलत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते, ही परंपरा आपल्याला ठाऊक आहे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात 1933 च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहिली. पाच दिवस ऐकून आपण थक्क होतो. पण पुस्तक उघडा, त्यातली प्रत्येक रात्र कुणाला तरी सांगितलेली आहे. समोर बसलेली मुलं आहेत. विनोबांच्या 'गीताई'च्या मागे आईचं मागणं होतं. तिला संस्कृत गीता कळत नव्हती, तू सोप्या मराठीत कर, असं ती म्हणाली होती. ती गेली 1918 साली, 'गीताई' झाली 1930-31 मध्ये. मधली बारा वर्षं ते मागणं जिवंत राहिलं. मागणारी गेली तरी मागणं राहतं, आणि ते लिहून घेतं.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगून संपवतो.

तीन पानांचा प्रयोग फसल्यावर आम्ही नियम बदलला. प्रत्येकाने एकच पत्र लिहायचं. माझं लिहिणं का थांबलं हे सांगणारं, पण कुणाला तरी उद्देशून. जिवंत, मेलेलं, ओळखीचं, अनोळखी, कुणीही चालेल. पोस्टात टाकायची सक्ती नाही. पण रविवारी मोठ्याने वाचायचं.

आमच्यातल्या शिक्षिकाबाईंनी पत्र लिहिलं ते एका प्रकाशकाला. 2012 साली त्यांनी त्याच्याकडे कथासंग्रहाचं हस्तलिखित दिलं होतं. हाताने लिहिलेलं, दुसरी प्रत नाही. दीड वर्षाने चौकशी केली तर फोनवर उत्तर आलं, बाई, सापडत नाही, जागा बदलली ना आम्ही. त्यानंतर सात वर्षं त्यांनी पेन उचललं नाही. आम्हाला एवढंच सांगायच्या, की पुन्हा लिहायला बसले की वाटतं, ती पहिली बरी होती.

पत्राची पहिली दोन पानं अपेक्षेप्रमाणे होती. तुम्ही जागा बदललीत, आमचं काय? वगैरे. तिसऱ्या पानावर त्या म्हणतात, तुम्ही काय हरवलंत हे तुम्हाला माहीत तरी आहे का? तर ऐका. आणि त्या सांगू लागतात. धाकट्या जावेने माहेरून आणलेल्या शिलाई मशिनीची गोष्ट. घरात मशीन कुठे ठेवायची यावरून सुरू झालेलं भांडण. त्या वाचत होत्या आणि आम्ही ऐकत होतो. चौथ्या पानावर प्रकाशक विसरला गेला. पाचव्यावर बाई स्वतःच थांबल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या, अहो, हे आधी असं नव्हतं. आधी मशीन विकतात. आता विकत नाहीयेत.

खोलीत कुणी काही बोललं नाही. औषधवाल्यांनी उठून चहा टाकला.

ती गोष्ट छापून आली का? नाही. पण त्यानंतर त्यांनी तीन लिहिल्या, आणि आता पहिली बरी होती असं त्या म्हणत नाहीत. आमच्या नऊ जणांत आज पाच जण लिहितात. हे यश आहे की नाही, ते तुम्ही ठरवा.

उरलेल्यांबद्दलही प्रामाणिकपणे सांगायला हवं. एकीचं लिहिणं अडलेलंच नव्हतं. घरात अंथरुणाला खिळलेले सासरे, दोन मुलं आणि नोकरी, यांत तिला वेळच नव्हता. वेळ नसण्याला प्रतिभेचा प्रश्न म्हणणं हा तिच्यावर अन्याय झाला असता. तिला श्रोता नको होता, आठवड्यातले चार तास हवे होते. दुसरा एक जण खरोखर आजारी होता. त्याला झोप नव्हती, कशातच मन नव्हतं. त्याला आमच्या मंडळाची नव्हे, डॉक्टरची गरज होती. तो गेला, हे बरं झालं. म्हणून आमचं म्हणणं सगळ्यांना सरसकट लावू नका. आधी बघा, तुम्ही अडलाय, दमलाय की आजारी आहात.

व्याख्यानाच्या शेवटी प्रश्न घेऊ, पण एक प्रश्न आधीच चिठ्ठीवर आलाय, तो वाचतो. 'लिहिणं परत यायलाच हवं का? कुणी आनंदाने थांबला तर?' थांबू द्यावं. आमच्यातल्या एका कवीने पत्रात तेच लिहिलं, आपल्या वारलेल्या वडिलांना. त्यात तो म्हणाला, की मी तुम्हाला दाखवायला लिहीत होतो. तुम्ही गेलात, आता दाखवायला कुणी नाही, आणि दुसरं कुणी मला नकोय. ते पत्र फार चांगलं झालं होतं. आम्ही त्याला म्हणालो, हेच छाप. त्याने नाही म्हणून सांगितलं. तो अजूनही रविवारी येतो, आणि आमच्यात सगळ्यात चांगलं ऐकतो तोच.

आता प्रश्न विचारा.